मे महिन्यातला घड

नारायणगावच्या पूर्वेला आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिथे ती, पीचच्या झाडासारखीच, पानं गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. जुन्नरच्या हवेत तिला ती झोप मिळत नाही. म्हणून तिचं वर्ष आपणच कात्रीने आखतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्ट लावायची.

फेब्रुवारीत पाहुणे येतात, काळ्याभोर जंबो द्राक्षांचे घड पाहून हरखतात. पण हा घड धरला कधी? खरड छाटणीनंतर चाळिसाव्या दिवसापासून सत्तराव्यापर्यंत, काडीवरच्या डोळ्याच्या आत. सातव्या पानावर शेंडा खुडून सबकेन, म्हणजे उपकाडी, काढायची, पाणी बेताचं द्यायचं, आणि पुढचं सारं उन्हावर सोडायचं. ऊन मिळालं तर डोळ्यात सूक्ष्म घड बसतो. आभाळ भरून राहिलं तर त्याची बाळी होते, म्हणजे नुसता ताणा. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच.

2025 च्या मेमध्ये पाऊस थांबेना. मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा 16 दिवस आधी. आमची बाग तेव्हा हिरवीगार होती. आमचे आबा मात्र रोज सकाळी आभाळाकडे पाहत आणि काही न बोलता मांडवाखाली शिरत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी जोमदार आल्या. घड मोजून घ्यावेत इतकेच.

गारपिटीला तारीख असते, पंचनामा होतो. या नुकसानीला ना तारीख, ना साक्षीदार. विम्याचा हिशेब मुख्यतः गोडी छाटणीनंतरच्या पावसाचा. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. बागेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तर तिची जोखीमही तिथूनच मोजायला हवी. ढगाळ दिवसांची नोंद हवामान केंद्रावर ठेवता येते; ती ग्राह्य धरली पाहिजे. खरडीपासून गोडीपर्यंतची मजुरी, खतं, फवारण्या शेतकरी उधारीवरच करतो. दीड एकरवाल्याला एक फेल बाग दोन वर्षं मागे नेते.

आता आम्ही गोडी छाटणीआधी काड्या तपासायला देतो. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. घड सहाव्या डोळ्यात आहे असं कळलं, की आबा सातव्यावर कात्री लावतात.