फुकटच्या जेम्सचा हिशेब



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती, पण बाहेर सर कोसळत होती म्हणून मंडळी व्हरांड्यातच खोळंबली होती. नववीत शिकणारा आपला एक वेदीसेवक माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "फादर, एक विचारू? रागावणार नाही ना?" त्याने जे सांगितले ते प्रायश्चित्त संस्कारात नव्हे, व्हरांड्यात सांगितले. त्याची आणि त्याच्या वडिलांची परवानगी घेऊनच मी ते इथे लिहीत आहे.

हा मुलगा वडिलांच्या मोबाईलवर गाव वसवण्याचा एक खेळ खेळतो. तीन वर्षे खपून त्याने गाव मोठे केले होते. एके दिवशी 'फुकट जेम्स मिळवा' असे सांगणारे एक पान त्याला सापडले. त्या पानाने वडिलांचा ईमेल मागितला, मग मेलवर आलेला सहा आकडी कोड मागितला. त्याने दोन्ही दिले. जेम्स आलेच नाहीत, उलट रात्रीत गाव दुसऱ्याच्या हाती गेले. वडिलांनी चांगलेच फैलावर घेतले, "चोरी करायला गेलास आणि स्वतःच लुबाडला गेलास!" मुलाला लुबाडले गेल्याचे दुःख होतेच, पण 'चोरी' हा शब्द त्याला जास्त लागला होता. तो म्हणाला, "फादर, मी कुणाचे काय घेणार होतो? जेम्स कंपनीकडे कधी संपतच नाहीत. मला मिळाले असते तर कुणाचे कमी झाले असते?"

खरे सांगतो, त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तरी नववीतल्या मुलाने मला निरुत्तर केले. म्हणून हा प्रपंच.

ज्येष्ठांसाठी आधी खेळाची थोडी ओळख. त्याचे नाव 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'. फिनलंडमधील हेलसिंकी शहरातल्या सुपरसेल या कंपनीने तो २०१२ साली आणला. खेळ मोफत आहे. आपण एक छोटे गाव वसवायचे, खाणीतून सोने काढायचे, तटबंदी बांधायची, शेजाऱ्यांवर स्वारी करायची. सुरुवातीला प्रत्येक बांधकाम काही मिनिटांत होते. गाव मोठे झाले की एकेका बुरुजाला कित्येक दिवस लागतात. इथे जेम्स, म्हणजे हिरवी रत्ने, कामाला येतात. जेम्स दिले की उरलेला वेळ तत्काळ संपतो. जाणकार खेळाडूंत वर्षानुवर्षे चालत आलेला हिशेब असा आहे : एक तास वाचवायला २० जेम्स, एक दिवस वाचवायला २६०, एक आठवडा वाचवायला १०००. हे जेम्स खऱ्या पैशांनी विकत मिळतात.

म्हणजे कंपनी नेमके काय विकते? ती वेळ विकते. इथे मला सेमिनरीतला एक जुना वाद आठवला. तेराव्या शतकाच्या आरंभी थॉमस ऑफ चॉबहम या इंग्रज धर्मपंडिताने सावकारावर असा आक्षेप घेतला होता की, तो ऋणकोला स्वतःची कोणतीच वस्तू विकत नाही, तो केवळ काळ विकतो, आणि काळ तर देवाचा आहे. आठशे वर्षांनंतर काळ पुन्हा दुकानात मांडला गेला आहे, तोही लहान मुलांपुढे!

पण घाईने निवाडा करू नये. सावकार अडलेल्याला गाठतो. इथे कुणी अडलेले नाही, एक पैसा न देताही खेळता येते. अंगण कंपनीचे, फाटकही कंपनीचे. ज्यांनी खेळ बनवला त्यांनाही पोट आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की, वाट पाहायला लावणाराही तोच आणि वाट संपवण्याचे औषध विकणाराही तोच. मोठ्या माणसाला हे कळते, आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. पालकांच्या संमतीशिवाय मुलांनी अ‍ॅपमधून केलेल्या खरेदीबद्दल अमेरिकेत २०१४ साली अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य करावे लागले, ते याच कारणाने.

आता फुकट जेम्सकडे वळू. ते मिळवण्याचे तीन मार्ग मला मुलांनी सांगितले.

पहिला मार्ग झुडपे तोडण्याचा. गावात साधारण दर आठ तासांनी एखादे झुडूप किंवा झाड उगवते. ते तोडले की कधी काहीच मिळत नाही, कधी सहापर्यंत जेम्स मिळतात. सरासरी दोन धरा. दिवसाला सहा, आठवड्याला बेचाळीस. अधूनमधून, साधारण आठवड्याने, पंचवीस जेम्सची एक पेटी उगवते. म्हणजे हजार जेम्स जमायला सुमारे साडेतीन महिने. या हजारात किती वेळ विकत मिळतो? एक आठवडा! साडेतीन महिने वाट पाहून एका आठवड्याची वाट चुकवायची. म्हणून शहाणी मुले ते असे उधळत नाहीत, साठवून आणखी एक बिल्डर, म्हणजे गवंडी, कायमचा घेतात. हे मला मनापासून आवडले. या मार्गात काही गैर नाही. काटकसर आणि धीर शिकवणारा हा मार्ग आहे.

दुसरा मार्ग प्रश्नावल्यांचा. काही अ‍ॅप्स आपली मते विचारतात आणि त्याबदल्यात थोडे रुपये जमा करतात, त्यातून जेम्स घेता येतात. याला फुकट म्हणू नये, ही विक्रीच आहे. आपण आपली माहिती विकतो. विकायला हरकत नाही, पण माल अस्सल हवा. एका मुलाने मला हसत हसत सांगितले, "मी वय पस्तीस लिहितो फादर, आणि गाडी आहे म्हणतो, मग जास्त प्रश्न येतात." दहा रुपयांसाठी तो स्वतःच्या तोंडाला खोट्याची सवय लावतो आहे. त्या दहा रुपयांची ही खरी किंमत आहे.

तिसरा मार्ग आपल्या वेदीसेवकाने धरलेला. 'कुणाचे कमी झाले असते?' या त्याच्या प्रश्नाचा मी बरेच दिवस विचार केला. परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरवले तर शेजाऱ्याचे गुण कमी होत नाहीत. तरी आपण त्याला लबाडी म्हणतो. का? कारण गुणांना अर्थ आहे तो सर्वांनी नियम पाळला म्हणून. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की नाण्याला किंमत निसर्गाने दिलेली नाही, माणसांच्या करारानेच ती येते. ग्रीक भाषेत नाण्याचा 'नोमिस्मा' हा शब्द 'नोमोस', म्हणजे नियम, यावरूनच आला. जेम्सचेही तसेच. बाकीच्यांनी नियम पाळावा आणि मी एकट्याने तो चुकवावा, असे म्हणणारा इतरांच्या प्रामाणिकपणावर जगू पाहतो. तीन वर्षे झुडपे तोडणाऱ्या शेजारच्या मुलाच्या धीराची तो किंमत उतरवतो. कमी होते ते हे.

मग कंपनीनेच सणासुदीला जेम्स भेट दिले तर? आनंदाने घ्यावेत. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण मजुरी मिळाली. त्यांनी चोरी केली नाही, कारण ती मालकाच्या हातून, मालकाच्या इच्छेने आली. वस्तू तीच असते. देणाऱ्याने दिली की आपण ओढून घेतली, यावर तिचे नाव बदलते.

मी मुलाला हे सांगितले. पण आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपणा मोठ्यांसाठीही आहे. ज्याने ते पान बनवले तो खरा चोर, आणि त्याने गळाला लावलेले आमिष होते आपल्याच मनातली फुकटाची हाव. हे आमिष वयानुसार रंग बदलते. मुलांसाठी हिरवे जेम्स, मोठ्यांसाठी दामदुप्पट. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेसच्या दुकानासमोर लोकांचे लोंढे जमले होते. दर आठवड्याला परताव्याचे आश्वासन होते, सोबत चमकते खडे होते, आणि एक दिवस दुकान बंद झाले. त्या गर्दीत नववीतली मुले नव्हती. तेव्हा बाबांनो, मुलावर ओरडण्यापूर्वी आपल्या मोबाईलमधले मेसेजही एकदा पाहा.

आपल्या मराठीत 'फुकट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. 'फुकट मिळाले' म्हणजे पैसे न देता मिळाले, आणि 'फुकट गेले' म्हणजे वाया गेले. मुलाची तीन वर्षे दुसऱ्या अर्थाने फुकट गेली.

पण पहिल्या अर्थाचे फुकट आपण चिपळूणकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल उरला, तेव्हा कुठून कुठून माणसे फावडी घेऊन आली. पाणी आणले, जेवण आणले, अनोळखी माणसाच्या दुकानातला गाळ उपसला आणि नावही न सांगता निघून गेली. ते आपण कमावले नव्हते. आपल्याला ते फुकट मिळाले, पण त्याची किंमत कुणीतरी घाम गाळून मोजली होती. देणगी ती हीच, आणि तिच्याने मनात हाव वाढत नाही, आपणही कुणासाठी तरी फावडे उचलावे असे वाटू लागते. पुढे नदीतला गाळ काढावा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये शहरात साखळी उपोषण झाले, मग गाळ निघू लागला, डंपरमागून डंपर. खऱ्या गावाच्या कामात वाट संपवणारे जेम्स नसतात.

पालकांना विनंती : मोबाईलमधील खरेदीला पासवर्ड लावा, कोणताही कोड कुणालाही देऊ नका असे मुलांना समजावून सांगा, आणि दहा मिनिटे शेजारी बसून त्यांचे गाव पाहा.

त्या मुलाने नवे गाव सुरू केले आहे. गृहपाठ झाल्यावर अर्धा तास, असा वडिलांशी करार आहे. परवा मी विचारले, "किती जमले?" तो म्हणाला, "एकशे बारा, फादर. पण बाबाच मधूनमधून झुडपे तोडतात."