मानेवरचा निळा डाग

अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात एक निवृत्त सैनिक राहत होता. लष्कराच्या सरावातल्या, मोडीत निघालेल्या पितळी पुंगळ्या तो वजनावर विकत घेई आणि त्यांत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), नवी दारू, नवी गोळी भरून आपल्या शिकारी रायफलीसाठी काडतुसं तयार करी.

सुट्टीत नातू मदतीला आला, तेव्हा आजोबांनी त्याला कामाची रीत सांगितली. "आधी बुडावरचे शिक्के पाहून वाटे कर. लष्करी पुंगळीच्या भिंती बहुधा जाड असतात. आत जागा कमी, म्हणून दारूही कमी. जुना प्रायमर काढलास की खळग्याची कड बघ. स्वयंचलित बंदुकीत प्रायमर निसटू नये म्हणून कारखान्यात ती कड दाबलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. मग टोक वाकवलेली तार आत घालून बुडाच्या जरा वर फिरव. तार अडखळली तर तिथलं पितळ ताणून पातळ झालंय. ती पुंगळी बाद."

नातवाने सगळं मन लावून केलं. पण पुंगळ्यांच्या मानेवरचा निळसर-तपकिरी डाग त्याला खटकत होता. रात्री त्याने बादलीत अमोनियाचं पाणी केलं आणि निवडलेल्या सगळ्या पुंगळ्या त्यात बुडवून ठेवल्या. सकाळी घासूनपुसून मांडल्या, तेव्हा त्या लखलखत होत्या.

आजोबांना वास आला. काही न बोलता त्यांनी त्या सगळ्या मोडीच्या डब्यात टाकल्या.

"पण एकीलाही तडा नाही!" नातू रडकुंडीला आला.

"हिंदुस्थानातल्या काडतुसांनाही तबेल्यात ठेवताना तडा नव्हता," आजोबा म्हणाले. "१९व्या शतकात तिथली ब्रिटिश फौज पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवी. पाऊस सरल्यावर पाहावं, तर पितळी काडतुसांच्या माना तडकलेल्या. याचं कारण १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडून दाखवलं. पुंगळी ओढून, दाबून घडवतात, तेव्हा पितळात ताण उरतो. तो दिसत नाही. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळाला भिडला की त्या ताणालाच वाट मिळते आणि पितळ तडकतं."

"मग यावर उपाय?"

"तू घासून काढलास तो डाग उपायाचीच खूण होता. मान आचेवर शेकली की ताण उतरतो. लष्करी पुंगळीवर ती खूण मुद्दाम राखतात. डाग गेल्याचं मला दुःख नाही. पण रात्रभर अमोनियात राहिलेल्या पितळावर मी भरवसा ठेवणार नाही."

दुपारी आजोबांनी नवा वाटा काढला. "गोळी झाडली, पुन्हा मापात दाबली, की मान परत ताठरते," असं म्हणत त्यांनी उथळ थाळीत पाणी ओतलं, पुंगळ्या त्यात उभ्या केल्या आणि एकेकीच्या मानेभोवती ज्योत फिरवली. पितळाचा रंग पालटताच ते पुंगळी पाण्यात आडवी करत.

"बूड पाण्यात कशाला?"

"मान मऊ हवी, बूड कठीण हवं. स्फोटाचा दाब बुडाला पेलायचा असतो. बुडालाही आच लागली, तर पुंगळी कामातून गेली."

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही युद्धावरून परत आलात तेव्हा तुमचा ताण कसा उतरला?"

"१९९१ साली आखातातून आलो, तेव्हा मिरवणूक निघाली. पदकं चकचकीत करून छातीवर लावली. रात्री झोप मात्र लागत नव्हती. तुझ्या आजीने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी बोलेन तेव्हा ती ऐकायची. पण पहाटे उठून गुरांना चारा घालायचं माझं काम तिने एक दिवसही स्वतःकडे घेतलं नाही."

तात्पर्य : ज्याने मार सोसला आहे त्याला नुसती चकाकी देऊन पुन्हा कामाला जुंपू नये. आधी त्याच्या आतला ताण मायेने उतरवावा, आणि ते करताना त्याचं मूळचं बळ शाबूत राहील याची काळजी घ्यावी.