मधला हात

शास्त्रपाठ : लेवीय १९, ओव्या ३३ ते ३६



आजच्या चार ओव्यांची मांडणी लक्षांत घेण्याजोगी आहे. पहिल्या दोन ओव्यांत परदेशीय मनुष्याशीं कसें वागावें याविषयींची आज्ञा आहे, आणि लागलीच पुढच्या दोन ओव्यांत तागडी, वजनें व मापें यांची आज्ञा आहे. परका मनुष्य आणि तराजू हीं दोन एकमेकांशेजारीं कां ठेविलीं असावीं? आम्हांस असें वाटतें कीं, तराजूची खरी परीक्षा परक्यासमोरच होते. शेजाऱ्याला कमी माप घातलें तर तो उद्यां दारांत उभा राहील, चारचौघांत बोलेल, लग्नकार्यांत तोंड फिरवील. तें भय आपणांस सरळ ठेवितें. परंतु परका आज आला आणि उद्यां गेला. त्याला भाव ठाऊक नाहीं, भाषा येत नाहीं, दाद कोठें मागावी हें कळत नाहीं. त्यालाही जो पुरतें माप घालतो, त्याचा खरेपणा लोकलाजेचा नसून अंतःकरणाचा आहे असें समजावें.

हा विचार नीट मनांत ठसावा म्हणून आज आपण एका फार दूरच्या देशाकडे पाहूं. मेक्सिको देश अमेरिका खंडांत, संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेस आहे. आपल्या शेतांतला मका व आपल्या चटणींतली मिरची हीं मूळचीं त्याच देशाचीं. तेथें बहुतेक लोक स्पॅनिश भाषा बोलतात. गेलीं पांचशें वर्षें तेथें परदेशीय लोक येऊन राहत आले आहेत : कोणी जिंकावयास, कोणी उपदेश करावयास, कोणी आश्रयास. आज अमेरिकेंतील व कॅनडांतील कित्येक वृद्ध लोक चापाला सरोवराच्या कांठीं किंवा सान मिगेल दे आयेंदे या गांवीं आपलें उतारवय घालवीत आहेत. या परक्यांनीं तेथें काय पाहिलें, आणि ते स्वतः तेथें कसे वागले, या दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

१५१९ सालीं हेर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोच्या राजधानींत शिरला. तेथें त्लातेलोल्को येथें भरणारा मोठा बाजार पाहून तो थक्क झाला. १५२० सालीं आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्या बाजाराचें वर्णन केलें आहे. तेथें सर्व माल मोजून किंवा मापानें विकला जाई. बाजारांत एक मोठें घर असून त्यांत दहाबारा न्यायाधीश बसत व तंट्यांचा निकाल तेथल्या तेथें करीत. कांहीं माणसें बाजारांत सारखीं फिरून मापें तपाशीत, आणि खोटें माप सांपडलें तर तें फोडून टाकीत. बंधूंनो, ज्यांना मोशेचें नियमशास्त्र ठाऊक नव्हतें, ते लोक खोटें माप फोडीत होते! आणि ज्यानें हें पाहून कौतुकानें लिहिलें, तो तर ख्रिस्ती म्हणविणारा मनुष्य. त्यानें काय केलें? ज्या मोक्तेसुमा राजानें त्याला नगरांत घेऊन राहावयास जागा दिली, त्यालाच त्यानें कैद केलें, आणि १५२१ सालीं तें नगर जिंकून घेतलें. दुसऱ्याचें माप पारखणाऱ्या डोळ्यांना आपलें माप दिसत नाहीं, याहून मोठें उदाहरण कोणतें द्यावें?

तरी त्या लोकांत सर्वच खरे होते असें कोणी समजूं नये. बेर्नार्दिनो दे साहागुन या नांवाचा एक संन्यासी १५२९ सालीं तेथें आला. त्यानें ती भाषा शिकून, तेथील वृद्धांस विचारून, त्यांच्या चालीरीतींचा मोठा ग्रंथ तयार केला. त्यांत प्रत्येक धंद्यांतला चांगला मनुष्य कसा असतो व वाईट कसा असतो हें सांगितलें आहे. त्या काळीं कोकोच्या बियाच सुट्या पैशाप्रमाणें चालत. वाईट व्यापारी काय करी? तो बियांच्या सालींत राजगिऱ्याचें पीठ किंवा मेण भरून खोट्या बिया खऱ्यांत मिसळीत असे. पाहा, जेथें नाणें झाडावर लागत होतें, तेथेंही मनुष्याला तें खोटें करण्याची युक्ति सुचली! पाप कोणा एका जातीचें किंवा देशाचें नाहीं, आणि खरेपणाही कोणा एका देशाचा नाहीं.

१५२४ सालीं बारा संन्यासी अनवाणी पायांनीं त्या देशांत आले होते. त्यांच्यांतील तोरिबियो नांवाच्या एकाला तेथले लोक त्याचे फाटके कपडे पाहून मोतोलिनिया, म्हणजे गरीब, म्हणूं लागले, आणि त्यानें तेंच नांव आनंदानें धारण केलें. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, तेथील नव्या विश्वासणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण पापांची कबुली देण्यास येण्याच्या आधींच, दुसऱ्याचें जें अन्यायानें आपल्याकडे राहिलें असेल तें परत करून टाकीत, मग त्यामुळें आपण कंगाल झालों तरी हरकत नाहीं. कित्येकांनीं आपले गुलाम मोकळे केले. हें वाचून जक्कयाची आठवण कोणाला होणार नाहीं? त्याच्या घरीं तारण आलें तें जेवणाच्या पंक्तींत नव्हे, तर परत करण्याच्या निश्चयांत दिसून आलें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. मेक्सिको शहरांत लहान बसगाड्या चालतात. त्यांना पेसेरो म्हणतात, कारण पूर्वीं एक पेसो, म्हणजे तिकडचें एक नाणें, हें त्यांचें भाडें असे. गाडी खच्चून भरली कीं लोक मागच्या दारानें चढतात. ड्रायव्हर पुढें बसलेला; त्याच्यापर्यंत पोंहचणें शक्य नाहीं. अशा वेळीं मागचा मनुष्य आपलें नाणें पुढच्याच्या हातांत देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि असें हातोहात तें ड्रायव्हरपर्यंत जातें. नाणें मोठें असेल तर उरलेले सुटे पैसे त्याच वाटेनें परत येतात. पावती नाहीं, ओळख नाहीं. ज्यांच्या हातांतून तें गेलें त्यांचे चेहरेही देणाऱ्यास दिसत नाहींत. नव्यानें गेलेल्या परदेशीयास याचें मोठें नवल वाटतें. त्यानें घरीं पुष्कळदां ऐकलेलें असतें कीं त्या देशांत चोर फार. आणि हेंही लपवूं नये कीं, अशाच गाड्यांत कधीं कधीं लुटारूही चढतात. तरी दुसऱ्या दिवशीं नाणें पुन्हा त्याच वाटेनें पुढें जातें व सुटे पैसे परत येतात. लुटारूच्या हाताची बातमी होते. मधल्या हातांची होत नाहीं. परंतु ती गाडी चालते ती मधल्या हातांच्या बळावर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील बाजारांत परका पाहून चढा भाव सांगणारे आहेत. किलोच्या नांवाखालीं कमी वजन देणारेही आहेत, म्हणून १९७६ सालापासून तेथें ग्राहकांच्या रक्षणासाठीं सरकारी कचेरी आहे व ती तराजू तपासते. लहान दुकानांतून, आज उधार नाहीं, उद्यां देऊं, अशा अर्थाची पाटी लावलेली दिसते. आपल्याकडील दुकानदारांना ती ओळखीची वाटेल. मात्र त्याच बाजारांत, माप पुरें झाल्यावर वर थोडें अधिक टाकण्याची चाल आहे. आपल्याकडे भाजीवाली चार मिरच्या वर टाकते, तसेंच हें. त्यास तिकडे पिलोन म्हणतात.

लाचेला तेथें एक शब्द आहे, मोर्दिदा, म्हणजे चावा. रस्त्यांत शिपायानें अडविलें कीं कित्येक परदेशीय वेळ वांचावा म्हणून त्याच्या हातावर कांहीं ठेवितात, आणि घरीं परत जाऊन सांगतात कीं तो देश फार लांचखाऊ आहे. बंधूंनो, चावा घेणाऱ्याचें तोंड एक, पण त्यांत घास घालणारा हात कोणाचा? जो देतो तोही त्या खोट्या तराजूचें एक पारडें आहे.

मग परक्यानें कसें राहावें? १९२२ सालीं मेनोनाइट पंथाचे कित्येक ख्रिस्ती लोक कॅनडांतून निघून मेक्सिकोच्या उत्तरेस चिवावा प्रांतांत येऊन राहिले. त्यापूर्वीं, १९२१ सालीं, राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोन यांनीं त्यांस जीं अभिवचनें दिलीं, त्यांत एक हें होतें कीं त्यांना शपथ घ्यावयास लावलें जाणार नाहीं. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें शपथेविषयीं जें शिकविलें तें ते अक्षरशः पाळतात. ही सवलत कीं मोठें ओझें, याचा विचार करा. जो शपथ घेत नाहीं, त्याच्याजवळ आपल्या साध्या शब्दाशिवाय दुसरा जामीन नसतो. आणि परक्या देशांत तो शब्द रोज बाजारांत पारखला जातो.

परक्याकडून आणखी एक माप मागितलें जातें, आणि तें म्हणजे विश्वासाचें. योसेफाचे भाऊ मिसरांत परके होते. धान्याच्या गोण्यांत आपला पैसा परत आलेला पाहून त्यांना आनंद झाला नाहीं. त्यांचें काळीज थरथरलें. ज्याच्या मनांत संशय भरला आहे त्याला कृपाही सांपळाच वाटते. तरी त्यांच्या म्हाताऱ्या बापानें त्यांना चांगली वाट दाखविली : तो पैसा परत न्या, कदाचित् कोणाची चूक झाली असेल. दुसऱ्याच्या चुकीचा फायदा घ्यावयाचा नाहीं आणि त्याला उगीच लबाडही ठरवावयाचें नाहीं, हा खरेपणा पुरा होय. जो मनुष्य एका ठकासाठीं सगळ्या देशाला ठक म्हणतो, तो अन्यायाचें वजन वापरतो, मग त्याच्या दुकानांत तराजू नसला तरी.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या गांवच्या शिवारांत ऊसतोडीसाठीं दूरच्या जिल्ह्यांतून टोळी येते. वीटभट्टीवर परक्या भाषेचीं माणसें येतात. बाजारच्या दिवशीं फिरता विक्रेता येतो. तीं आपलीं परदेशीय माणसें आहेत. त्यांच्या रोजाचा हिशेब करतांना, त्यांना दाणे मापून देतांना, त्यांचें विसरलेलें सामान सांपडलें असतां, आपण कोणाचे आहों हें उघड होतें. त्यांनीं आपला उपदेश कधीं ऐकला नसेल. ते भजनाला आले नसतील. परंतु आपलें माप त्यांनीं पाहिलें आहे, आणि आपल्या गांवीं परत गेल्यावर ते तेंच सांगतील.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस विशेषेंकरून एक शब्द. तुमचें काम मधल्या हाताचें आहे. विधवेचें नाणें तुमच्या हातीं पडतें आणि पुढें मंडळीच्या पेटींत जातें. वरून आलेलें साहाय्य तुमच्याच हातांतून गरिबाच्या घरीं पोंहचतें. देणाऱ्याला घेणारा दिसत नाहीं, घेणाऱ्याला देणारा दिसत नाहीं. मध्यें तुम्ही आहां. एका हातानें नाणें अडविलें तर त्याच्या मागच्या कोणाचेंच भाडें पोंहचत नाहीं, आणि पुढच्या वेळीं कोणी नाणें पुढें देणार नाहीं. म्हणून हिशेब लिहून ठेवा, चारचौघांसमोर वाचून दाखवा, आणि सुटे पैसे ज्याचे त्याला परत जाऊं द्या.

आपण सर्वच या जगांत परके व प्रवासी आहों. जें आपल्या हातीं आलें आहे तें मागून कोणी तरी विश्वासानें दिलेलें आहे आणि पुढें कोणी तरी त्याची वाट पाहत आहे. तें पुरतें, न झिजवितां, पुढें देण्याचें सामर्थ्य प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.