लाट, लोंढा आणि माणूस

इंग्रजी ही बेटावर वाढलेली भाषा. तिच्या बोलण्यात समुद्र ठायीठायी डोकावतो यात नवल नाही. आपण ती रोज वापरतो, पण तिच्यातल्या खाऱ्या पाण्याची चव लक्षात येतेच असे नाही. ऑफिसातल्या प्रेझेंटेशनमध्ये एखादे नवे सॉफ्टवेअर 'सी चेंज' घडवणार असते. जनमताला भरती येते, जुन्या श्रद्धांना ओहोटी लागते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या नव्या पर्वाला १९६८ साली मार्था वाइनमन लिअर यांनी 'दुसरी लाट' म्हटले आणि तेव्हापासून त्या चळवळीचा इतिहास लाटांमध्येच मोजला जातो. समाज बदलतो आहे असे सांगायचे झाले की इंग्रजी माणूस समुद्राकडे बोट दाखवतो. पण समाजातला बदल खरोखर समुद्रासारखा असतो का? आणि तसे म्हणताना आपण कोणाची जबाबदारी पाण्यावर ढकलून मोकळे होतो?

'सी चेंज' हा शब्दप्रयोग शेक्सपियरच्या 'द टेम्पेस्ट' या १६११ च्या सुमाराच्या नाटकातला. एरियल हा अदृश्य जीव तरुण फर्डिनंडला गाण्यातून सांगतो, की तुझे वडील समुद्राच्या तळाशी आहेत, त्यांच्या हाडांची पोवळी झाली आहेत आणि डोळ्यांचे मोती. म्हणजे मूळ अर्थ रातोरात उलथापालथ असा नाहीच. खोल पाण्यात, कोणाच्या नजरेस न पडता, एका वस्तूची हळूहळू दुसरीच होणे, हा तो अर्थ. गंमत अशी की ती बातमी खोटी असते. वडील त्याच बेटावर जिवंत असतात. आणि ज्या वादळात जहाज सापडते ते निसर्गाचे नसतेच, ते प्रॉस्परोने घडवून आणलेले असते. वादळामागे माणूस होता, ही गोष्ट शब्दप्रयोग रुळल्यावर आपण विसरलो.

या प्रतिमेत बळ आहे, हे मात्र मान्य करायला हवे. ऑक्टोबर १८३१ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभेने मतदान सुधारणेचे विधेयक फेटाळले. तेव्हा सिडनी स्मिथ या विनोदी धर्मगुरूने टॉन्टन गावच्या सभेत मिसेस पार्टिंग्टनची गोष्ट सांगितली. वादळात समुद्राचे पाणी घरात शिरले, तर ही बाई हातात पोतेरे घेऊन अटलांटिक महासागर मागे ढकलू लागली! उमरावांची गत तशीच होणार, असा त्याचा टोला. लोक पोट धरून हसले आणि पुढच्या वर्षी, १८३२ मध्ये, कायदा झाला.

पण कायदा काय महासागराने केला? त्या आठ महिन्यांत ठिकठिकाणी सभा झाल्या, अर्जांवर सह्या झाल्या, ब्रिस्टॉलमध्ये दंगल उसळून माणसे मेली. 'लाट आली' या दोन शब्दांत ही सगळी माणसे बुडून जातात. शिवाय लाट कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली नाही हेही दिसत नाही. त्या कायद्याने बहुतेक कामगारांना मत दिले नाही आणि मतदार 'पुरुष'च असेल असे स्पष्ट लिहिले. ब्रिटिश स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. समुद्राची भरती बारा तासांत सगळ्या किनाऱ्याला लागते. ही भरती पुढच्या दारी पोचायला ९६ वर्षे लागली, कारण मधली दारे माणसांनीच बंद ठेवली होती.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नेमके याच वृत्तीवर बोट ठेवले. थोडे थांबा, काळ सगळे नीट करील, असे सांगणाऱ्या सज्जनांना त्यांनी बजावले, की काळ स्वतः काहीच करत नाही, तो बऱ्यालाही वापरता येतो आणि वाइटालाही. मराठीत यासाठी एक चपखल शब्द आहे, प्रवाहपतित. तो आपण कौतुकाने वापरत नाही. प्रवाह असतो हे आपल्या भाषेला मान्य आहे, पण त्यात वाहून जाणे हा माणसाचा दोष आहे हेही ती सांगते.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे 'काळाची भरती' येऊन गेली होती. चवदार तळ्याचे पाणी मात्र होते तिथेच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चालत तळ्यावर गेले, वाकले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा बदल झाला. त्यांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली. पाणी माणसांकडे आले नाही. माणसे पाण्याकडे गेली.

इथवर समुद्र माणसांना झाकतो एवढेच पाहिले. याहून वाईट म्हणजे माणसांनाच पाणी म्हणणे. १९१० साली 'द फोरम' या अमेरिकन मासिकात एक लेख आला, शीर्षक 'पगड्यांची भरती'. पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या काही हजार पंजाबी मजुरांबद्दल तो होता. १९२० मध्ये लोथ्रॉप स्टॉडर्ड यांचे 'रंगीत वंशांची चढती भरती' सांगणारे पुस्तक गाजले. माणसाशी बोलता येते. भरतीशी काय बोलणार? तिच्यासाठी बांध घालायचा असतो. आणि बांध घातले गेलेच, १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांची फट उघडली. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचे मन हलवले होते त्या काळात. आपल्यातले बहुतेक जण त्याच दारातून आत आलो. तेही लाटेने नाही. प्रत्येकाची एक बॅग होती, एक पत्र होते आणि विमानतळावर मागे उभे असलेले आईवडील होते.

म्हणून आपल्याच मराठीतला एक शब्द मला बोचतो. मुंबईत कामधंद्यासाठी येणाऱ्या माणसांबद्दल आपण सहज 'परप्रांतीयांचे लोंढे' म्हणतो. शहरावर ताण पडतो, घरे आणि लोकलगाड्या अपुऱ्या पडतात, हे खरेच आहे आणि त्यावर जरूर वाद घालावा. पण लोंढा म्हटले की वादच संपतो. आणि इथल्या आपल्या गप्पांत, आपल्यानंतर सीमा ओलांडून येणाऱ्यांविषयी हाच शब्द कानावर येतो, तेव्हा १९१० चा तो मथळा आपल्याबद्दलच होता हे आठवायला हवे.

मग समुद्राची प्रतिमा टाकूनच द्यायची का? तसे नाही. जून १९६६ मध्ये रॉबर्ट केनेडी यांनी केपटाउन विद्यापीठात पाण्याचीच उपमा वापरली, पण उलट्या बाजूने. अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या एकेका माणसापासून एक छोटा तरंग उठतो, आणि असे तरंग मिळून भिंती पाडणारा प्रवाह होतो, असे ते म्हणाले. इथे पाणी आहे, पण सुरुवात माणसापासून आहे.

आपले कोळी बांधव उधाण आणि भांग तिथीवरून ओळखतात. भरती त्यांच्या हातात नसते, पण होडी आज लोटायची की नाही हे तेच ठरवतात आणि त्याचे बरेवाईट फळही तेच घेतात. आपल्या मुलांनी इंग्रजी समुद्रात खुशाल पोहावे. फक्त कोणी 'लाट आली' म्हणाले की त्यांनी विचारावे, ती कोणी उठवली आणि किनाऱ्यावर कोण राहिले? आणि कोणी माणसांनाच लाट म्हणाले, तर त्यातल्या एकाचे तरी नाव विचारावे.