एकटी देवी, अर्धा कोयता

अंबाजोगाईची योगेश्वरी लग्नासाठी कोकणातून निघाली होती. वर परळीचा वैजनाथ. वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला, वऱ्हाडी दगड होऊन बसले आणि देवी अंबाजोगाईतच राहिली, कुमारिका. आमच्या केजकडच्या बायका ही कथा आजीच्या तोंडून ऐकतच मोठ्या होतात. मला विचारायचंय ते कथेच्या पुढचं. ती अपुरी राहिली का? तसं कुणी म्हणत नाही. उलट कोकणातली कितीतरी घराणी तिला कुलदेवी मानतात, नवी जोडपी तिच्याच पायावर डोकं ठेवतात. जिचं लग्नच लागलं नाही तिच्याकडे सौभाग्य मागायचं आणि नवरा वारलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे एकाच धर्मात कसं बसतं?

मी विधवा आहे. तरी हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

दसरा-दिवाळी झाली की केज तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीचे, पण हातात घेतो नवरा. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि एकट्या बाईला मुकादम सहसा घेतच नाही. मालक गेले त्या वर्षी मी भावासोबत जोडी लावून गेले. अंधारातच फडात उतरायचं, त्याने तोडायचं, मी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, मग कोपीवर येऊन भाकरी थापायच्या. पाळी आली तरी सुट्टी नाही, कारण खाडा झाला की दंड. त्यापायी आमच्या बीड जिल्ह्यातल्या किती बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या! 2019 साली सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. योगेश्वरीची मार्गशीर्षातली यात्रा भरते तेव्हा आम्ही फडात असायचो. देवीचं एकटेपण पूर्ण, आमचं अर्धं. हा हिशेब देवाने मांडलेला नाही, एवढं मला तिथेच कळलं.

पुढे बचत गटातून कर्ज काढलं आणि पिको-फॉलचं मशीन घेतलं. आधी मनात धीर येतो, मग माणूस उभं राहतं, असं सगळे सांगतात. माझं उलटं झालं. आधी पासबुकावर माझं नाव आलं, मग सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलं, आणि त्यानंतर आवाजात धीर आला. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेचा हिस्सा 1956 च्या कायद्यातच आहे, पण तलाठ्यासमोर जाऊन तो मागायला मला दोन उन्हाळे लागले.

केजने 1990 पासून विमलताई मुंदडांना पाच वेळा आमदार केलं, त्यांच्यानंतरही बायका निवडून दिल्या. विधानसभेत बाई चालते. पूजेच्या पाटावर मात्र तिच्या शेजारी नवरा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक धाडलं. चांगलंच झालं. कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका, हे त्यात आलं. पण धर्मकार्यात बाई स्वतःच्या नावाने बसू शकते का, हे ठरायचं अजून बाकीच आहे.

यंदा मुलीचं लग्न आहे. कन्यादान दीर-जाऊ करतील, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. गुरुजी म्हणाले, ताई, धर्मकार्याला जोडी लागते. मी म्हटलं, रामाने अश्वमेधाला सीता जवळ नसताना सोन्याची सीता बसवली, त्याला कुणी अर्धा म्हटलं नाही. आपल्याकडे बायको वारलेला बापही कमरेला सुपारी खोचून कन्यादान करतो. मग तीच सुपारी माझ्या कमरेला का चालू नये? पोरीला पोसलं मी, शिकवलं मी. दान म्हणायचंच असेल तर ते देणारीही मीच.

ते पोथी पाहून सांगणार आहेत. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं आहे. यजमानाचा पाट एकच मांडायचा, हे मात्र मी दीर-जावेला आत्ताच सांगून ठेवलंय.