चौथऱ्यावरचा माणूस

दोस्तोव्हस्की १८८१ साली गेला. त्याच्या चरित्रलेखनात त्याचा जुना सहकारी, समीक्षक निकोलाय स्त्राखॉव्ह याचा मोठा वाटा होता. ते चरित्र १८८३ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्त्राखॉव्हनं टॉलस्टॉयला एक खाजगी पत्र लिहिलं. ज्याचं चरित्र आपण आदरानं लिहिलं तो माणूस मुळात दुष्ट, मत्सरी आणि दुर्वर्तनी होता; लिहिताना मनात उसळणारी किळस आपल्याला दाबावी लागली, अशी कबुली त्यात होती. ऐकीव माहितीवर एक भयंकर आरोपही होता.

टॉलस्टॉय आणि दोस्तोव्हस्की एकमेकांना कधी भेटले नव्हते. तरी दोस्तोव्हस्कीच्या मृत्यूची बातमी कळल्यावर टॉलस्टॉय रडला होता. आपलं सर्वांत जवळचं माणूस गेलं, असं त्यानं स्त्राखॉव्हलाच कळवलं होतं. आताच्या उत्तरात त्यानं त्या आरोपाची चर्चा केली नाही. त्यानं बोट ठेवलं ते वेगळ्याच चुकीवर. ज्याच्या मनात चांगल्या-वाइटाचं द्वंद्व ऐन भरात असताना मृत्यू आला, त्याला लोकांनी संत आणि प्रेषित करून टाकलं, ही ती चूक.

हे निदान मला मोलाचं वाटतं. चौथरा बांधला की त्यावर न मावणारं सगळं कुजबुजीत जातं. ग्रंथातली स्तुती आणि पत्रातली निंदा एकाच हातानं लिहिली, आणि दोन्हींत माणूस अर्धाच उरला. स्त्राखॉव्ह १८९६ साली वारला; पत्र छापून आलं १९१३ साली. उत्तर देण्याचं ओझं पडलं ते दोस्तोव्हस्कीच्या पत्नीवर, आना ग्रिगोऱ्येव्हनावर. ज्याला जाब विचारायचा तो हयात नव्हता.

टॉलस्टॉयच्या उत्तराचा पुढचा भाग मात्र मला मान्य नाही. देखणा, महागडा घोडा ऐन वेळी अडला तर त्याची किंमत शून्य, असं म्हणून न अडणारा कादंबरीकार तुर्गेनेव्ह दोस्तोव्हस्कीपेक्षा अधिक काळ टिकेल, असं भाकीत त्यानं केलं. काळानं ते खरं ठरवलं नाही. वाचक दोस्तोव्हस्कीकडे जातो तो त्या अडण्यापाशीच. श्रद्धा आणि संशय यांच्यात जो स्वतः ओढला गेला, त्याच्याच लेखणीतून ‘करामाझोव्ह बंधू’मधले इव्हान आणि अल्योशा हे दोघे भाऊ सारख्याच ताकदीनं उभे राहिले. १९१० साली, ८२व्या वर्षी, मनातला झगडा न मिटलेला टॉलस्टॉय घर सोडून निघाला, तेव्हा तोही हीच कादंबरी वाचत होता.

म्हणून चरित्रकाराकडे माझी मागणी साधी आहे. जे पुराव्यानिशी सांगता येतं ते, कितीही कडू असलं तरी, ग्रंथात सांगावं, म्हणजे हयात असलेल्यांना ते तपासता येईल. ज्याला पुरावा नाही ते मित्राच्या कानातही घालू नये. लेखकाला मोठं ठरवण्यासाठी त्याला निष्कलंक ठरवण्याची गरज नसते.