चौथी गाडी

कऱ्हाड आगारात एक एसटी चालक होते. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला मुक्काम करायचा आणि सकाळी तोच घाट चढून परत यायचं, यात त्यांची बहुतेक नोकरी गेली. घाटाने त्यांना धुकं दाखवलं, दरडी दाखवल्या, पण त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला खिशाला लावूनच ते निवृत्त झाले.

त्यांचा मुलगा नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगन शहरात नोकरीला होता. एका उन्हाळ्यात अण्णा आणि आई त्याच्याकडे राहायला गेले. घर पाडेपूल भागात होतं. सकाळ झाली की विद्यार्थ्यांच्या सायकली झेर्नीकेच्या आवाराकडे निघत. आई चहाचा कप घेऊन खिडकीत बसे आणि तो निवेपर्यंत बघत राही.

त्या दिवसांत मुलगा मोटारीच्या परवान्याच्या मागे होता. भारतातला परवाना तिथे नोंदणीनंतर १८५ दिवस चालतो. पुढे बहुतेकांना लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा देऊन नवा काढावा लागतो. पुण्याच्या वाहतुकीत वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या मुलाला ही परीक्षा किरकोळ वाटली होती. लेखी परीक्षा तो सहज पास झाला. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र नापास होऊन घरी आला.

"अण्णा, काही झालंच नाही हो," तो सांगू लागला. "वस्तीतला विटांचा रस्ता होता. ना पाटी, ना पट्टा, ना सिग्नल. उजवीकडून एक शाळकरी पोरगा सायकलवर येत होता. मी त्याच्या आधी पोचलो होतो. आरामात निघून गेलो असतो. तेवढ्यात परीक्षक बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. झाली परीक्षा."

अण्णांनी विचारलं, "पोरगा थांबला का?"

"थांबला. एक पाय खाली टेकवला त्याने."

"मग झालं की काहीतरी," अण्णा म्हणाले आणि जेवायला उठले.

पुढच्या शिकवणीला अण्णा मागच्या सीटवर जाऊन बसले. शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. केस पांढरे, आवाज शांत. मुलगा गाडी चालवता चालवता दोघांचं बोलणं इकडचं तिकडे सांगत होता. त्याच विटांच्या कोपऱ्यावर बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली.

त्या म्हणाल्या, "अशा कोपऱ्यावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. मी परवाना काढला तेव्हा हा नियम सायकलीला लागू नव्हता. सायकलीने मोटारीसाठी थांबायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. १ मे २००१ पासून ते बदललं. मोटारीला जे लागू, ते सायकलीलाही लागू झालं. तोवर माझी कितीतरी वर्षं गाडी चालवण्यात गेली होती. डोक्याने नियम एका दिवसात घेतला, पायाला मात्र वेळ लागला. तुमच्या मुलाचंही तसंच आहे."

अण्णांना त्या बाई आवडल्या. ते म्हणाले, "आमच्याकडेही हेच आहे. १९८९च्या नियमांतच लिहिलं होतं. ठरवून दिलेला मोठा रस्ता असेल तर त्याच्यावरच्या गाड्यांना, नाहीतर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी."

मुलगा मागे वळून बघत राहिला. कऱ्हाडात आणि पुण्यात त्याने इतकी वर्षं गाडी चालवली होती, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

मग बाईंनी गाडी एका मोठ्या, सिग्नलच्या चौकात नेली. चारही बाजूंच्या मोटारींना लाल दिवा लागला आणि चारही बाजूंच्या सायकलींना एकाच वेळी हिरवा. अण्णा सीटवर पुढे सरकले. समोरून, डावीकडून, उजवीकडून सायकली एकदम चौकात शिरल्या. कुणी सरळ निघालं, कुणी तिरकं समोरच्या कोपऱ्याकडे. पुढच्या पेटीत दोन लेकरं बसवलेली एक आई होती, पाठीवर गिटार अडकवलेला एक मुलगा होता, टोपी घातलेले एक आजोबा होते. सगळे चौकाच्या मधोमध एकमेकांत मिसळले आणि पलीकडे सुटे होऊन निघून गेले. कुणाला कुणाचा धक्का लागला नाही.

ग्रोनिंगनमध्ये असे चौक बरेच आहेत. त्यामागचं कारण साधं आहे. उजवीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला शेजारची सायकल पुष्कळदा दिसत नाही, आणि तिथेच माणसं चाकाखाली जातात. दोघांना एका वेळी चौकात येऊच दिलं नाही, तर तो प्रसंगच उरत नाही.

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी चालत त्या चौकात जाऊ लागले. एका संध्याकाळी त्यांनी मुलालाही बरोबर नेलं. दोघे कडेच्या बाकावर बसले.

"ती हिरव्या कोटातली मुलगी बघ," अण्णा म्हणाले. "हात कुठे आहे तिचा?"

मुलाने पाहिलं. तिची दोन बोटं ब्रेकवर होती. तिने ब्रेक दाबला नाही. नुसते पाय मारायचे थांबवले, मान वळवून उजवीकडच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, तो पुढे गेला, आणि तिने पुन्हा पाय मारले. सगळं इतक्या थोडक्यात झालं की न सांगता लक्षातही आलं नसतं.

"तिने हिरवा दिवा आहे म्हणून रेटलं नाही," अण्णा म्हणाले. "दिवा हिरवा असतानाही बघितलं."

थोडा वेळ दोघे गप्प बसले. मग अण्णा म्हणाले, "कुंभार्लीत आम्ही कुणाला वाट देत होतो, माहीत आहे ना?"

"चढणाऱ्या गाडीला."

"का?"

"नियम आहे."

"नियम आहेच. पण का आहे? भरलेला ट्रक चढणीवर थांबला की परत उचलत नाही. मागे घसरतो. उतरणाऱ्याचं तसं नसतं. तो थांबला तर ब्रेक सोडला की परत चालू लागतो. ज्याला थांबणं सोपं, त्याने थांबायचं. आता त्या दिवशीचा तुझा कोपरा आठव. तू पाय दाबला की गाडी थांबते, पाय दाबला की निघते. त्या पोराला थांबायचं तर सगळा वेग टाकून द्यावा लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून मांड्यांनी ओढावा लागतो. आणि चुकलंच, तर तुझ्या गाडीचा पत्रा चेपेल. त्याचं काय होईल?"

मुलगा काही बोलला नाही.

पुढच्या शिकवणीत त्याने बाईंना घाटाचं सांगितलं. त्यांना ते फार पटलं. त्या म्हणाल्या, "आमचा कायदाही असंच मोजतो. मोटारीने चौदा वर्षांखालच्या मुलाला धडक दिली, तर मुलाची चूक असली तरी भरपाई जवळजवळ नेहमी मोटारवाल्याकडेच येते." मग त्यांनी गावाची गोष्ट सांगितली. १९७७ साली, माक्स फान देन बेर्ख नावाच्या तरुण पदाधिकाऱ्याच्या पुढाकाराने, शहराने आपल्या मध्यभागाचे चार भाग केले. १९ सप्टेंबरला ते अमलात आलं. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात सरळ जाता येईना. बाहेरच्या रस्त्यावर जाऊन वळसा घालून यावं लागू लागलं. सायकलवाला आणि पायी चालणारा मात्र सरळ जात राहिला. दुकानदार चिडले, पण शहर मागे हटलं नाही. लांबचा रस्ता कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो इंजिन असलेल्याला दिला गेला. बाईंना तो निर्णय अजूनही न्यायाचा वाटत होता.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस आला. पावसाची भुरभुर चालू होती. मुलाने आरसे पाहिले, वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहिलं, चौक मोकळा होईपर्यंत पांढऱ्या रेषेमागे थांबून राहिला. सगळं नीट चाललं होतं. मग वस्तीतला एक कोपरा आला. तिथेही ना पाटी, ना पट्टा. आणि तिथे चारही दिशांनी चार मोटारी एकाच वेळी येऊन पोचल्या. चौघांनाही सरळ जायचं होतं.

चौघेही थांबले. प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी होतं, म्हणून प्रत्येकाने उजवीकडच्याला वाट दिली होती. चौघांनी नियम पाळला होता आणि चौघेही अडकले होते. अशा वेळी कुणी आधी जावं, ते कायद्यात लिहिलेलं नाही.

पूर्वी त्याने अशा ठिकाणी गाडी पुढे घातली असती. त्याने तसं केलं नाही. डावीकडच्या मोटारीतल्या माणसाकडे पाहिलं, नजर मिळाल्याची खात्री केली आणि हाताने त्याला जायची खूण केली. तो माणूस मान हलवून निघाला. तो गेल्यावर समोरच्याची उजवी बाजू मोकळी झाली, तो निघाला. तो गेल्यावर उजवीकडच्याची मोकळी झाली, तो निघाला. मग त्याची स्वतःची उजवी बाजू मोकळी झाली. पुन्हा एकदा दोन्हीकडे बघून तो चौक ओलांडून गेला. परीक्षक बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

तुम्हाला वाटलं तर चार काड्या ठेवून हे करून पाहा. चौघांपैकी जो आपली पाळी आधी सोडतो, तोच शेवटी जातो. त्यातून सुटण्याची दुसरी वाट नाही. सगळे चौक कायद्याने सुटत नाहीत. कायदा माणसाला कोपऱ्यापर्यंत आणून थांबवतो, बघायला लावतो. तिथून पुढे कुणीतरी एकाने "तुम्ही जा" म्हणावं लागतं. आणि ते म्हणणाऱ्याला चौथं जाण्याची तयारी लागते. या मुलाची ती झाली होती.

तो पास झाला. नगरपालिकेच्या कचेरीतून परवाना घेऊन आला, आणि पहिल्याच रविवारी अण्णांना नि आईला लाउवर्सओगचा समुद्र दाखवायला निघाला. अण्णा पुढे बसले, आई मागे. वस्तीतून बाहेर पडायच्या आधीच एका कोपऱ्यावर त्याने गाडी थांबवली. उजवीकडून एक म्हातारी सायकलवर येत होती. हँडलला भाजीची पिशवी लटकत होती, समोरून वारा होता, आणि तिला काही घाई दिसत नव्हती. मागे दोन मोटारी येऊन थांबल्या.

"का रे थांबलास?" आईने विचारलं. "अजून लांब आहे की ती."

"तिची चढण आहे," अण्णा म्हणाले.

"इथे कुठली चढण? सगळा गाव तर परातीसारखा सपाट."

म्हातारी हात उंचावून पुढे गेली. मुलाने गाडी काढली आणि अण्णांनी आईला कुंभार्ली घाट सांगायला घेतला. तो समुद्र दिसेपर्यंत पुरला.